म्हशीच्या खुरापाशी लिहिलेलं नाव

आधी अक्का. बाकीचं सगळं मागून.

कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरला बस स्टँडच्या मागं एक खानावळ आहे. तिच्यावर पाटी नाही. ज्याला ठाऊक आहे तो येतो, ज्याला ठाऊक नाही तो समोरच्या हॉटेलात पुरी-भाजी खाऊन पस्तावतो. ती खानावळ चालवणारी बाई म्हणजे अक्का. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि दिवसभर तव्यापुढं बसून चेहरा कायम तांबूस. नवरा गेला, शेत दिरानं घेतलं, तिच्या वाट्याला ही दोन खणांची जागा आणि हातातली चव उरली. ती माझी कोणी नाही. ना माझ्या जातीची, ना गावची. पण पहिल्या दिवसापासून मला तम्मा म्हणते. कन्नडात तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

मी रंगवलेल्या एका भिंतीची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, आणि दरवेळी माझ्या सुडाची गोष्ट म्हणून सांगितली आहे. आहेच ती तशी, मी खोटं बोलत नाही. पण अक्का नसती तर त्या सुडाखाली मीच चेंगरलो असतो. म्हणून नाव पहिलं तिचं.

माझं गाव अफजलपूर तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथून कमलनगरला यायचं तर बसच बदलत दिवस जातो. गावात मराठी शाळा सातवीपर्यंत. आठवी तालुक्याला, आणि ती कन्नडात. पहिल्या आठवड्यात मास्तर फळ्यावर लिहायचे आणि मी ती अक्षरं वहीत उतरवून घ्यायचो. वाचता यायची नाहीत, पण उतरवायचो हुबेहूब, वळणं, टिंबं, सगळं. एक दिवस मास्तरांनी वही उचलून वर्गाला दाखवली, म्हणाले, अक्षर बघा ह्याचं. मग मला म्हणाले, आता अर्थ सांग. मला सांगता आला नाही. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बसलो नाही, आणि घरात कोणी विचारलंही नाही.

शाळा सुटली, पण अक्षर राहिलं. त्याच अक्षरावर पुढं पोट भरलं. किराणा दुकानं, खताची दुकानं, ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याच्या टाक्या. कन्नड मी पाट्या लिहीत लिहीतच वाचायला शिकलो. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. तेव्हा मी अण्णाच्या हाताखाली आलो.

अण्णा बिदरकडचा. रंगकामाची कंत्राटं घ्यायचा. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन, आणि हाताला ब्रश कधी लागलेला मी पाहिला नाही. सरळ रेघ मारायला सांगितली तर घाम फुटला असता त्याला. हाताखाली आम्ही नऊ जण, आणि नवांची ताटं अक्काकडं.

मी स्वभावानं भित्रा. शिडी लावली की तीनदा हलवून बघतो. काम झालं की मालकाला विचारतो, बरं हाय न्हवं? तो हो म्हणाला की जिना उतरतो, आणि खालून परत वर जाऊन विचारतो. कोणी मोठ्यानं बोललं की माझ्या तोंडातून आपोआप ‘चुकलं’ निघतं, चूक असो नसो. अण्णाला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

त्या थंडीत त्यानं मला उदगीर रस्त्यावरच्या एका नव्या घरात नेलं. घर एका आडत व्यापाऱ्याचं, सोयाबीन-तुरीच्या धंद्यातला माणूस. वरच्या मजल्यावर त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीची खोली होती. एक अख्खी भिंत चित्रानं भरायची होती.

अण्णानं फोन पुढं केला. “हे बघ. असं पायजे.”

फोनमध्ये परदेशातला किल्ला, त्याच्यावर इंद्रधनुष्य, आणि खाली एक पांढरा घोडा. त्याच्या कपाळावर शिंग.

“घोड्याला शिंग कामून, अण्णा?”

“तुला काय करायचंय? फॉरेनचा घोडा हाय.”

मी आजवर फक्त अक्षरं काढली होती. फार तर खताच्या दुकानावर कापसाचं बोंड, दवाखान्यावर लाल अधिक. अख्खी भिंत पहिल्यांदाच. मी घरी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, खाली तुझं नाव टाक, मग फोटू पाठव, मी शेजारणीला दाखवते. पाट्या लिहिणारा कोपऱ्यात नाव टाकतोच, ती आमची जुनी रीत. पण पाटीखालचं नाव कोण वाचतो. ह्या भिंतीखालचं नाव मला हवं होतं. त्या कामात मला दुसरं काही नको होतं, हे मी आज सरळ लिहितो.

भिंतीवर निळीच्या दोऱ्यानं चौकोन पाडले आणि चौकोनागणिक चित्र चढवायला लागलो. परदेशातला किल्ला मी पाहिलेला नाही. बिदरचा पाहिला आहे. त्यामुळं हात आपोआप तिकडं गेला. कमानी तशा झाल्या, घुमट तसे झाले, बुरुजावर तोफ येता येता राहिली. मालक सौद्यावरून आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “हे तर आपलंच वाटायलंय की.” मला वाटलं रागावले. मी दोनदा विचारलं. रागावले नव्हते.

मुलगी रोज शाळेतून आली की दप्तरासकट पलंगावर बसायची आणि मला कामाला लावायची.

“काका, ह्या घोड्याला दोन शिंगं कर.”

“फोटूत एकच हाय, बाय.”

“एका शिंगानं मारता येत न्हाई.”

“मग काय करू?”

“म्हैसच काढ की. आजीची. तिला दोन हायेत.”

तिच्या आजोळी, औरादकडच्या गावात, कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस होती. त्या म्हशीचं सगळं मला ऐकावं लागलं. ती कुणाला दूध देते, कुणाला देत नाही, कुठल्या मामाला तिनं पाडलं. मालकीणबाई दारातून म्हणाल्या, “बेडरूममधी म्हैस? लोक काय म्हणतील?” मालक खालून ओरडले, “काढू द्या की. लक्ष्मी हाय ती.” म्हणून घोडा गेला आणि डाव्या हाताला, खिडकीजवळ, गवतात उभी म्हैस आली. माझ्या सबंध भिंतीत ती सगळ्यात चांगली उतरली. मुलीनं मला ठिपका तीनदा पुसून परत काढायला लावला. तिसऱ्यांदा तिनं बोट लावून बघितलं आणि म्हणाली, “आता म्हैस बघायलीय.”

उजव्या हाताच्या कोपऱ्याची गोष्ट वेगळी. काम सुरू करण्याआधी सगळ्या भिंतीला तळहात लावून बघायची माझी सवय. डोळा फसतो, तळहात फसत नाही. उजवीकडं खाली, मुलीच्या पलंगाच्या उशाला, हात लावला तर भिंत गार लागली. शेळीच्या नाकासारखी. पलीकडं मोरी होती. आतला नळ झिरपत होता.

मी अण्णाला सांगितलं, “अण्णा, कोपऱ्यात वल हाय. आधी नळ बघायला पायजे. न्हाईतर सगळं फुगून येईल.”

“पुट्टी वढ वरनं.”

“पुट्टी धरणार न्हाई, अण्णा. मालकाला सांगू का?”

“तू सांगणार? मालकाला?” तो हसला. “पोरीचा वाढदिवस हाय. भिंत फोडून बसू व्हय? तू रंगव. तोंड कशाला चालवायलास?”

मी म्हणालो, चुकलं.

चित्र संपत आलं तेव्हा मी म्हशीच्या पुढच्या खुरापाशी, गवताच्या कडेला, माझं नाव लिहिलं. बोटाएवढं. मराठीत. कुणाला दिसू नये आणि ज्याला बघायचं त्याला दिसावं, असं. मुलीनं ते एकेक अक्षर लावून वाचलं आणि मला विचारलं, “हे तूच हायस?” मी व्हय म्हणालो. त्या एका दिवसात मी ते किती वेळा जाऊन बघितलं असेल ह्याची मोजदाद नाही.

अण्णा आला. भिंत बघितली, खूश झाला, फोटो काढले. मग खाली वाकला.

“हे काय?”

“नाव, अण्णा.”

“कुणाचं?”

मी ब्रश पुसायला लागलो.

“घर हाय हे, ट्रॅक्टरची ट्रॉली न्हाई. सातवी नापासाचं नाव पोरीच्या खोलीत? उद्या ती शाळेत जाऊन सांगंल, आमच्या घरात एका अडाण्याचं नाव हाय म्हणून.”

मी नापास नव्हतो. सातवीला मी वर्गात दुसरा होतो. हे मी त्याला सांगितलं नाही, आज इथं लिहून ठेवतो.

“मिटव ते. आन् माझं नाव टाक. फोन नंबर खाली. दारातनं दिसंल असं मोठं. तुझं अक्षर बरं हाय, तूच लिही.”

आपलं नाव आपल्याच हातानं मिटवून, त्याच हातानं दुसऱ्याचं नाव सुंदर अक्षरात काढायचं. मी हिरवा रंग घेतला आणि माझ्या नावावर गवत काढलं. एकेक पातं. मुलगी बघत होती. तिनं विचारलं, “तू कुठं गेलास?” मी सांगितलं, म्हशीनं खाल्लं. ती हसली नाही.

अण्णाचं नाव राहिलं होतं, इंद्रधनुष्यही अर्धं होतं. तो म्हणाला, “उद्या संपव.”

उद्या वेळ अमावस्या होती.

आमच्या भागात एरवीच्या अमावस्येलाही गवंडी थापी धरत नाही आणि रंगारी ब्रश भिजवत नाही. आणि वेळ अमावस्येला तर गावच्या गाव शेतात जातं. कडब्याची कोप, कोपीत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, ओले दाणे आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गाडग्यात आंबील. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही हाक मारून बसवतात. ज्याच्या शेतावरून कोणी उपाशी गेला त्याला वर्षभर बोल लागतो. भीमेकडं आमच्यातही हेच. मला अक्का तिच्या शेजाऱ्याच्या शेतात नेणार होती. तिचं स्वतःचं शेत दिराकडं, तिकडं ती जात नाही.

मी म्हणालो, “अण्णा, उद्या सण हाय.”

“मालकाचीच ऑर्डर हाय,” तो म्हणाला. “ते म्हणले, आम्ही शेतात जातो, पेंटरला बसवा, संपवून घ्या. आन् तुमच्या भीमेकडं कुठं करतात वेळ अमावस्या?”

सकाळी घरची माणसं जीपमधून गेली. रंगकामासाठी एक किल्ली अण्णाकडं असायची. मागून त्यानं मला आत सोडलं आणि बाहेरून कुलूप लावलं. म्हणाला, घरात सामान हाय, मालकाला भरोसा पायजे. मग तोही त्यांच्याच शेतात जेवायला गेला. पांढरा शर्ट नवा घातला होता.

सगळं गाव रिकामं झालं. रस्त्यावर कुत्रं नाही. स्वयंपाकघराला वेगळं कुलूप. पाणी होतं, ते मोरीतल्या झिरपत्या नळाचं. मी शिडीवर चढून इंद्रधनुष्याचा तांबडा पट्टा भरत होतो आणि मालकाला शिव्या देत होतो. अण्णाला नाही, मालकाला. अण्णाकडून मला कधीच काही अपेक्षा नव्हती. पण आपलंच वाटायलंय म्हणणाऱ्या माणसानं मला सणाच्या दिवशी कोंडून घालावं, हे माझ्या पोटातल्या भुकेपेक्षा जास्त बोचलं. मी ठरवलं, ह्या घराला ओलीबद्दल एक शब्द सांगायचा नाही. फुगू दे. पडू दे. म्हणू देत लोक.

दुपार कलली तेव्हा खालून हाक आली.

“तम्मा. ए तम्मा. मेलास का?”

मी खाली जिन्याजवळच्या खिडकीशी आलो. बाहेर अक्का उभी. डोक्यावर टोपलं, पायाला शेताची माती, हातात गाडगं.

“सकाळपास्नं वाट बघायलेय. कामून आला न्हाईस?”

“कुलूप हाय, अक्का.”

तिनं दाराकडं बघितलं. कुलूप हातात घेऊन हिसकलं. मग खिडकीशी बसली. टोपल्यातला डबा गजांतून जाईना. तिनं तो बाहेरच उघडला आणि बाजरीचे उंडे एकेक करून गजांतून आत द्यायला लागली. भज्जी तिनं भाकरीच्या तुकड्यावर घेऊन, तुकडा दुमडून दिली. आंबिलीसाठी माझ्याकडं भांडं नव्हतं. रंगाचा एक कोरा डबा होता, न वापरलेला. तो मी गजाला लावून धरला आणि तिनं बाहेरून धार सोडली. अर्धी आत आली, अर्धी खिडकीवर सांडली.

“सांडू दे,” ती म्हणाली. “शेतातबी शिंपडतातच की.”

मी खात होतो आणि रडतही होतो. तिनं ते बघितलं नाही असं दाखवलं. उठताना एवढंच म्हणाली, “घर मोठं हाय. पर आजच्या दिशी ह्या घरात माणूस उपाशी बसला, हे त्यास्नी ठाऊक हाय का न्हाई, ते इचारावं लागंल.”

मी ते कानाआड केलं. मला ठाऊक होतं, असं मला वाटत होतं.

पोट भरल्यावर डोकं चालायला लागलं. वर गेलो. अण्णाचं नाव टाकायचं होतं. दारातनं दिसंल असं मोठं. दारासमोर म्हणजे उजवा कोपरा, पलंगाच्या उशाला. मी तळहात लावला. गार. चार बोटं सरकवून परत लावला. जास्त गार. जिथं सगळ्यात गार लागलं तिथं मी खडूनं रेघ मारली.

मग मी आयुष्यात लिहिलं नसेल असं नाव लिहिलं. वरच्या बाजूला उजेड, खालच्या बाजूला सावली, प्रत्येक अक्षराला सोनेरी कड. खाली फोन नंबर, दहाच्या दहा आकडे सारख्या उंचीचे. मराठीत एकदा, कन्नडात एकदा. एवढ्या मनापासून मी देवळाची कमानसुद्धा रंगवली नव्हती. काम करता करता मी हसत होतो, आणि मला जराही भीती वाटली नाही. पहिल्यांदाच.

संध्याकाळी घरची माणसं परतायच्या आधी अण्णानं येऊन कुलूप काढलं. वाढदिवसाला मला बोलावणं होतं, म्हणजे खुर्च्या लावायला. अक्काही आली होती, जिन्यामागच्या अंगणात भाकरी थापायला. पाहुणे वर जाऊन भिंत बघून येत होते. अण्णा हात मागं बांधून जिन्यात उभा.

“कुणी काढलं हो?”

“मीच केलो. हातानं. पंधरा दिवस पाठ लावली न्हाई जमिनीला.”

मुलगी मधेच म्हणाली, “न्हाई, काकानं काढलं.” तिच्या आईनं तिला दटावलं, मोठी माणसं बोलायलीत म्हणून. मी चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो. मालक माझ्यापाशी आले, पेढा हातात ठेवला आणि म्हणाले, “भिंतीचं सगळं बरं हाय न्हवं? तूच व्हतास की रोज तिथं.”

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. नळ बघून घ्या, पलंग सरकवा. एवढंच. मी म्हणालो, “सगळं बरं हाय, मालक.” आणि पेढा खाल्ला.

शिवरात्रीच्या आत भिंत फुगली. आधी नावाच्या पहिल्या अक्षराला फोड आला, मग नंबरचे आकडे सुटायला लागले, मग किल्ल्याच्या बुरुजाचा पापुद्रा मुलीच्या उशीवर पडला. हे मला नंतर कळलं. त्यांनी भिंतीवरच्या नंबरला फोन लावला. अर्धे आकडे पडले होते, पण कन्नडातले शाबूत होते.

दुपारच्या जेवणाच्या वेळी अण्णा खानावळीत आला, मागं मालक. आम्ही नवाच्या नऊ जण ताटावर. अण्णानं माझ्या खांद्याला धरून हलवलं.

“हाच तो, मालक. कच्चं काम केला. सांग मालकाला, प्रायमर न मारताच रंग चढवलास म्हणून. सांग की.”

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तोंड उघडलं, आणि मला माहीत आहे त्यातून काय निघणार होतं. ‘चुकलं, अण्णा.’ इतक्या दिवसांचा माझा सूड त्या दोन शब्दांत वाहून जाणार होता. भीती अशीच असते, ती आपल्या रागालाही गिळते.

अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “मालक, वाढदिसाला म्या तुमच्या अंगणात भाकरी थापायलते. तवा ह्यो जिन्यात उभा ऱ्हाऊन काय सांगायलता?”

मालक अण्णाकडं बघायला लागले.

“मीच केलो म्हणला. हातानं म्हणला. पाठ लावली न्हाई म्हणला.” तिनं भाकरी निखाऱ्यावर टाकली. “चांगली दिसत व्हती तवा भिंत ह्याची. फुगली तवा माझ्या तम्माची व्हय? आन् नाव कुणाचं हाय तिथं? नंबर कुणाचा हाय?”

बाकीच्या आठांपैकी कोणीतरी ताटात बघून हसलं.

“ह्या बाईला काय कळतंय,” अण्णा म्हणाला. “मालक, तुम्ही चला.”

“कळतंय की. वेळ अमावस्येला ह्यो तुमच्या कोपीत बसून आंबील पिला. तवा तुमच्या घरात, भाईर कुलूप लावून, आत कोण व्हतं? म्या गजातनं उंडे दिलेत तम्माला.”

मालकांचा चेहरा तेव्हा बदलला. भिंतीचं त्यांनी सोसलं असतं, भिंत काय, परत होते.

“अमावस्येला?” ते मला म्हणाले. “माझ्या घरात?”

“तुमचीच ऑर्डर व्हती, मालक,” मी म्हणालो. तेवढंच मला बोलता आलं.

“मला हा म्हणला, पेंटर सणाला गावी गेलाय.” मग ते अण्णाकडं वळले. आवाज चढला नाही. “तू माझ्या पानावर जेवलास. आन् माझ्या घरात माणूस उपाशी कोंडून आलास.”

 अण्णाचा हात माझ्या खांद्यावरून कधी निघाला ते मला कळलं नाही. तो त्याच्या माणसांना म्हणाला, “उठा रे. उद्यापासनं हिथं कुणी जेवायचं न्हाई.” आठ जण उठले. दोघांनी तर भाकरी अर्धी टाकली. मी बसून राहिलो. भीतीनं, धाडस होतं म्हणून नाही.

सगळे गेल्यावर अक्कानं मला परत वाढलं. मग विचारलं, “त्या जाग्याला नाव तू मुद्दाम टाकलास न्हवं?”

“व्हय.”

“बरं केलास.” तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. “पर पोरीच्या उशाला वल हाय, हे ठाऊक असून पेढा खाल्लास. ते बरं केला न्हाईस.”

अण्णाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. ह्या एका गोष्टीचं वाटतं. ज्या माणसाला मी पेढा खाऊन शिक्षा दिली, त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो आणि झिरपत्या नळाचं सांगितलं. मालकांनी मोरी फोडून नळ बदलला, पलंग दुसऱ्या भिंतीला गेला. मी किल्ल्याची बाजू खरवडली. पण अण्णाचं नाव असलेला तुकडा शेवटी ठेवला. मालकांना सांगितलं, आठ दिवस वाळू द्यावं लागतं, हात लावू नये. वाळू द्यावं लागतं हे खरं आहे. पण त्या तुकड्याला हात न लावायचं कारण ते नव्हतं. त्या आठ दिवसांत जो पाहुणा आला तो ती भिंत बघायला वर गेला, आणि किल्ल्याची सगळी बाजू उघडी, कोपऱ्यात फोड आलेलं, सोनेरी कडेचं ते नाव. लोकांनी ते मोठ्यानं वाचलं. मी शिडीवर बसून ऐकलं. त्या गावात त्याला पुन्हा काम मिळालं नाही.

म्हैस जागची हलली नव्हती. तिच्या बाजूला ओल नव्हतीच. मी किल्ला परत काढला, ह्या वेळी बुरुजावर तोफही ठेवली. मालक म्हणाले, “आता तुझं नाव टाक.” मोठ्या मनाचा माणूस असतो तर म्हणालो असतो, राहू द्या, काम बोलतंय. मी तसा नाही. मी खाली बसलो आणि म्हशीच्या खुरापाशी, गवताच्या वर, परत लिहिलं. मुलीनं वाचलं. म्हणाली, “म्हशीनं ओकलं वाटतं.” आईला मी फोटो पाठवला. तिनं शेजारणीला दाखवला.

आता मी एकटा कामं घेतो. कुठल्या तरी गावात, बसमधून, अण्णाचं नाव एखाद्या भिंतीवर दिसतं. उतरून त्या भिंतीला तळहात लावून बघावं असं मला दर वेळी वाटतं.

अक्काकडची ती आठ ताटं मात्र त्या दुपारी उठली ती उठलीच. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. फक्त भाकरी थापताना अजूनही कधी तरी पीठ जास्त मळलं जातं, आणि मग उरलेला गोळा ती बाजूला ठेवते. मी तो गोळा बघतो.

म्हणून हे लिहून ठेवतो, अक्का. माझ्या हाताखाली अजून कोणी नाही. मी एकटाच येतो आणि एकाच ताटावर बसतो. पण ज्या दिवशी माझ्या हाताखाली आठ माणसं असतील, त्या दिवशी दुपारी मी त्या आठांना घेऊन तुमच्या दारात येईन. नवाच्या नऊ ताटं परत मांडा. आणि त्यांच्यातलं कोणी उठायला लागलं, तर खांद्याला धरून खाली बसवायचं काम माझं.